चारशे बाराची ठोकळी

वाडी, नागपूर
१५ जून २०२५

ती. मायाताईस,

प्रीतमचा सप्रेम जयभीम. इकडे सगळं ठीक, तिकडेही असेल असं धरून चालतो.

बाबाचा हुकूम मी मोडत नाही. आई गेल्यावर आपण दोघं फोनवर जे भांडलो, तेव्हा बाबा म्हणाले होते की फोनवर तुम्ही एकमेकांचं ऐकतच नाही, कागदावर लिहा, कागदावर समोरच्याले मधात बोलता येत नाही. दोन वर्षं झाली, लिहून राहिलो. इथला पोस्टमन हसतो मले. एवढं मोठं गोडाऊन आहे अन् घरी मोबाईल नाही काय म्हणून विचारतो.

आजची बातमी मात्र अशी आहे की फोनवर तू मधातच ओरडली असती. ताई, मले चारशे बारा सापडली.

तीच. खाणीच्या सायबाची हिरवी वॅगन, चारही चाकांनी चढणारी, जी बाबानं तेवीस वर्षं चालवली. ८९ साली खाणीनं लिलाव केला, तेव्हा कोण घेऊन गेलं ते कोणाले माहीत नव्हतं. मागच्या आठवड्यात एका ट्रकच्या कामानं मी काटोलले गेलो. तिथं शालिकरामजी म्हणून संत्र्याचे व्यापारी आहेत, त्यांच्या शेडमधे रिकाम्या पेट्यांच्या मागं उभी होती. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली. नंबरच्या पाटीवरची धूळ पुसली तर चार, एक, दोन. शालिकरामजी म्हणाले, हिनं पंचवीस वर्षं संत्री वाहिली, आता पोट्टे हात लावत नाहीत. मी तिथंच सौदा केला. कितीले, ते विचारू नको. बायको असून दामिनीनंही विचारणं सोडलं.

मागच्या दिवाळीत बाबा मले म्हणाले होते की डोळे गेले त्याचं काही नाही, पण एकदा चारशे बारात बसायचं राहिलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात होतं. तुले आठवते ना, बाबा एवढे बुटके की समोरून पाहणाऱ्याले वाटे गाडी आपोआपच येऊन राहिली. खाणीतले लोक म्हणत, लहानू आज सुट्टीवर आहे, गाडी एकटीच कामावर आली.

इथं वाडीत ऋषी मिस्त्री आहे, त्याच्याकडे टाकतो अन् एकदम नवी कोरी करतो. बाबाले काही सांगू नको. पत्र वाचून दाखवशील तेव्हा हा भाग गाळ. मले त्यांचा चेहरा पाहायचा आहे.

माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर गाडी पाहून वाढेल, तोवर आहे तो टिकव.

तुझा भाऊ,
प्रीतम

खापा
२३ जून २०२५

चि. प्रीतम यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. बाबाले वाचून दाखवलं, तू म्हटलं तेवढं गाळून. मग उरलं काय? पोस्टमन हसतो, एवढंच. बाबा म्हणाले, एवढ्यासाठी त्याले दोन पानं काहून लागली. मी म्हटलं, अक्षर मोठं आहे.

आता खरं लिहिते. तुझं पत्र वाचून माझ्या पोटात दुखलं. तुझ्यापासून काय लपवायचं?

ती गाडी तू घेतली. ज्याले त्या गाडीच्या पेट्रोलच्या वासानं ओकारी होत होती, त्यानं घेतली. दर रविवारी बाबा गाडी धुवायला कन्हानवर नेत अन् आपण दोघं सोबत. क्वार्टरपासून नदी दोन मैलही नाही, पण पुलिया यायच्या आधीच तू मागच्या सीटवर कार्यक्रम करून मोकळा. मग नदीवर बाबा गाडी धूत अन् मी बादलीनं तुले धुवत होती. मी किती वेळा म्हटलं की याले घरी ठेवा. आई पण म्हणे. पण पुढच्या रविवारी तू हाफपँट घालून सगळ्यांच्या आधी गाडीजवळ उभाच.

गाडी धुऊन झाली की रेतीत बाबा मले त्यांच्या सीटवर बसवत. अकरा वर्षांची मी. क्लचवर पाय पुरत नव्हता, तर बाबानं सागाच्या लाकडाची ठोकळी तासून पॅडलवर बसवून दिली. माझ्यासाठी. तेव्हा खाप्यात पोरी सायकलवर दिसत नव्हत्या, अन् लहानू ड्रायव्हरची पोट्टी फोर व्हील लावून रेतीतून वॅगन बाहेर काढे. छोटा गिअर कधी टाकायचा, क्लच दोनदा कसा दाबायचा, ते अजून माझ्या हातापायाले माहीत आहे. तू काठावर बसून लिंबू चोखत होता. त्यानंतर मी कोणतीच गाडी चालवली नाही, माझ्या पोरीची, उन्नतीची, स्कूटीसुद्धा नाही. ती एकच गाडी मले येत होती. अन् आता ती तुझी झाली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो हाच.

आणखी एक लिहून टाकते. मी दिवसातून चार वेळा बाबाच्या डोळ्यात थेंब टाकते. अंघोळीचं पाणी काढते, नखं कापते, कानाशी तोंड नेऊन पेपर वाचते. तू महिन्यातून एकदा संत्रा बर्फीचा डबा घेऊन येतो, अन् आठ दिवस बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगतात की प्रीतमनं बर्फी आणली. थेंबाचं कोणाले सांगत नाहीत. घर की मुर्गी दाल बराबर. अन् चारशे बारात बसायचं राहिलं, हे बाबा मले कधी म्हणाले नाहीत. रोज मी जवळ बसते, पण म्हणाले तुले.

असो. घेतली तर आता नीट कर.

आपला लोभ आहे तेवढाच राहू दे, जास्तीचा गाडीले दे.

तुझी ताई,
माया

ता. क. ती ठोकळी अजून पॅडलवर आहे काय, तेवढं पाहून सांग.

वाडी
२० जुलै २०२५

ती. मायाताईस,

सप्रेम जयभीम. उत्तराले उशीर झाला. पावसानं गोडाऊनची एक बाजू गळून राहिली होती, माल हलवण्यात दिवस गेले.

ओकारीचं तू काढशील हे माहीतच होतं. आता होत नाही मले. फक्त एकदा झाली, काटोलवरून गाडी ट्रकच्या मागं बांधून, टोचन करून आणताना. दामिनीले सांगितलं नाही, तुले सांगून राहिलो. बर्फीचं लिहिलं ते वाचलं.

ऋषीनं गाडी पूर्ण उघडली. हाताचा चांगला माणूस आहे, पण त्याले जुनं पाहवत नाही. पेट्रोलचं इंजिन बसलं आहे, म्हणून डिझेलचं नवं टाकू म्हणतो. स्टिअरिंगची ती मोठी पातळ चकती काढून जाड छोटी, अन् पॉवर स्टिअरिंग. चारही चाकांले डिस्क ब्रेक. पायानं दाबायचा स्टार्टर काढून चाबी. पॅडल सगळे नवीन अन् हलके. फोर व्हीलच्या छोट्या दांड्याऐवजी बटन. वरून एसी, म्हणजे बाबाले उन्हाळ्यातही फिरवता येईल. आरटीओच्या कागदांचंही तोच पाहून राहिला.

मागच्या सीटखाली पत्र्याले एक भोक निघालं, जुन्या रुपयाएवढं, अन् त्याले रबराचं बूच. ऋषी म्हणाला, सडक्या संत्र्यांचा रस वाहून जावा म्हणून व्यापाऱ्यानं पाडलं असेल, झाळून टाकू. मी म्हटलं राहू दे, वरून मॅट येते. झाळणारा त्यातच आणखी चार दिवस खाईल.

आता मुद्द्याचं. ताई, ही गाडी मले बाहेरून माहीत आहे, आतून तुले. काय ठेवू अन् काय काढू, ते तू सांग. ऋषी तुझ्या पत्रासाठी थांबला आहे. एका चिठ्ठीसाठी काम थांबवणारा मालक त्यानं पहिल्यांदाच पाहिला म्हणे, पण थांबला.

ठोकळी काही दिसली नाही. इतक्या वर्षांत कुठं पडली असेल.

लोभाचा हिशेब भेटीत करू, तोवर उधारीवर चालू दे.

तुझा,
प्रीतम

खापा
३० जुलै २०२५

चि. प्रीतम यास,

आशीर्वाद. तुझा मिस्त्री म्हणतो ते बरोबर आहे. सगळं काढ. जुन्याले धरून काय करायचं? स्टिअरिंग जड होतं, बाबाचे खांदे त्यानंच गेले. तो पायाचा स्टार्टर पावसाळ्यात कधी लागत नव्हता. गिअरचा लाकडी गोळाही काढ, हाताले घट्टे पडत. बाबाले नवं आवडते. त्यांले वाटलं पाहिजे की पोरानं काही कसर ठेवली नाही.

ठोकळी नाही सापडली तर जाऊ दे.

बाबाची तब्येत बरी आहे. तुझ्या बर्फीचा डबा संपला, रिकामा डबा उशाशी ठेवून आहेत.

लोभ असेलच, विचारत नाही.

तुझी ताई,
माया

वाडी
७ ऑक्टोबर २०२५

ती. मायाताईस,

जयभीम. परवा रविवारी गाडी घेऊन मी तुझ्या दारात आलो अन् अर्ध्या तासात परत गेलो. जेवलो नाही म्हणून तू रागावली असशील. तू दारात उभी होती, हातात पाण्यानं भरलेला गंज. गाडीच्या काचा बंद होत्या, म्हणून आत काय झालं ते तुले ऐकू आलं नाही. ते लिहितो.

मी बाबाले ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, बाजूले मी बसलो. आधी काही सांगितलं नाही. वाटलं हात लावल्याबरोबर ओळखतील. त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला, गोल पूर्ण, दोनदा. गिअरवर हात ठेवला. डाव्या पायानं खाली काहीतरी शोधलं. उजव्या पायानं स्टार्टर शोधला, तो तिथं नव्हता. मग मीच चाबी फिरवली. ताई, त्या इंजिनचा आवाजच येत नाही. ऋषी त्याचं कौतुक करत होता, मीही करत होतो.

बाबा म्हणाले, गाडी छान आहे, कोणाची होय. मी म्हटलं, बाबा, ही चारशे बारा. त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. मी त्यांले उतरवून नंबरच्या पाटीवर हात ठेवायला लावला. तर म्हणाले, पाटी कोणीही बनवते. मग म्हणाले की प्रीतम, माझे डोळे गेले, अक्कल गेली नाही. तुले नवी गाडी घ्यायची होती तर घेतली, चांगलं केलं. पण तिले माझ्या गाडीचं नाव देऊन आंधळ्याले फसवू नको.

एवढं बोलून काठी टेकत घरात गेले. मी खरं बोललो, अन् आयुष्यात पहिल्यांदा बाबानं मले खोटा म्हटलं.

मले वाटलं तू काही बोलशील. तुझं ते ऐकतात. तू दारातून हललीसुद्धा नाही.

गाडी विकायला काढली आहे. रायपूरचा एक माणूस पाहून गेला, दिवाळीनंतर नेतो म्हणतो. मले ती डोळ्यासमोर नको.

बाकी लिहिण्यासारखं नाही. लोभ ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

प्रीतम

खापा
१२ ऑक्टोबर २०२५

चि. प्रीतम यास,

हे पत्र बाबाले वाचून दाखवणार नाही, अन् आशीर्वादही लिहीत नाही, कारण आज माझा तो हक्क नाही.

गाडी विकू नको. आधी मी काय केलं ते वाच.

काय ठेवू, असं तू मले विचारलं होतं. मले सगळं माहीत होतं. बाबाले डोळे नाहीत, कान अर्धे. त्यांच्याजवळ ओळखायला राहिले ते हात अन् पाय. ती पातळ चकती हातात आली असती तर त्यांनी ओळखली असती. गिअरचा गोळा त्यांनीच सागाचा बनवला होता. इंजिन नवं टाकलं असतं तरी चाललं असतं, पण एवढ्या दोन गोष्टी अन् पायाचा स्टार्टर जरी ठेवला असता तरी झालं असतं. हे तुझं पत्र वाचताना मले एका मिनिटात कळलं होतं. अन् मी लिहिलं, सगळं काढ. हाताले घट्टे पडत, हे पण खोटं लिहिलं.

काहून, तर मी जळत होती. मले वाटलं, बाबा गाडीत बसतील, ओळखतील, रडतील, तुझ्या खांद्यावर डोकं ठेवतील. अन् मी दारात गंज घेऊन उभी राहीन. ते मले पाहवलं नसतं. रविवारी बाबा काठी टेकत आत आले तेव्हा घटकाभर मले बरंही वाटलं. बाबानं सांगितलं आहे ना, कागदावर मधात कोणी बोलत नाही, म्हणून पूर्ण लिहिते. घटकाभर बरं वाटलं. मग संध्याकाळी मी थेंब टाकायला गेली तर बाबानं डोळे उघडलेच नाहीत. म्हणाले, राहू दे वं, कशाले पाहिजे आता. दोन दिवस नीट जेवले नाहीत. ते तुझ्यावर रागावून आहेत, अन् तुझी काहीच चूक नाही.

तुले जे म्हणायचं ते म्हण. पण त्या रायपूरवाल्याले नाही म्हणून सांग.

माया

वाडी
१८ ऑक्टोबर २०२५

मायाताई,

पत्र वाचून फाडलं. मग तुकडे जोडून पुन्हा वाचलं. दोन दिवस मी गोडाऊनमधेच झोपलो.

तिसऱ्या दिवशी डोकं थंड झालं, तेव्हा आठवलं की मीही एक गोष्ट तुले खोटी लिहिली आहे.

ठोकळी सापडली होती. पॅडलवर जशीच्या तशी, घासून काळी पडलेली. ऋषीनं गाडी उघडली त्याच दिवशी मी ती स्क्रू ड्रायव्हरनं उखडली अन् मागच्या नाल्यात फेकली. तुझं सगळं काढ म्हणून पत्र आलं ते नंतर. म्हणजे तू लिहिलं नसतं तरी पायाले ओळखायची जी खूण होती, ती मीच घालवली होती.

बाबासाठी गाडी घेतली असं मी सगळ्यांले सांगतो. खरं असं आहे की त्या गाडीत माझ्या नावाचं काहीच नव्हतं. तुझी सीट होती, तुझी ठोकळी होती. तुझ्यासाठी बाबानं लाकूड तासलं. माझ्यासाठी काय केलं? तुझ्या हातात बादली दिली. मी दर रविवारी ओकत-ओकत यायचो, कारण वाटे की आज तरी बाबा मले समोर बसवतील. कधी बसवलं नाही. म्हणून पन्नाशीले आल्यावर मी अख्खी गाडीच विकत घेतली. अन् पाहतो तर त्यातही सगळ्यात आधी तुझीच ठोकळी.

ऋषीनं जुनं सामान फेकलं नाही. चकती, गिअरचा गोळा, पायाचा स्टार्टर, जुने पॅडल, सगळं एका पोत्यात आहे. परत बसवून देतो म्हणतो. हसला नाही. फक्त ठोकळी नाही, नाल्यातून पावसात वाहून गेली. जुनं इंजिन भंगारात गेलं, तेही येणार नाही.

रायपूरवाल्याले नाही म्हटलं. आता तू सांग काय करायचं. यावेळी खरं सांग.

लोभ दोघांचाही फाटका आहे, टाके घालून वापरू.

प्रीतम

खापा
२३ ऑक्टोबर २०२५

चि. प्रीतम यास,

आशीर्वाद. आपण एकाच आईची पोरं, याची आता खात्री पटली.

माझ्याकडे आईचा पाट आहे, सागाचा, ज्यावर बसून ती भाकरी करे. त्याचा एक कोपरा मी आरीनं कापला. बोट सोलवटलं, पण ठोकळी निघाली. माप मले पायानं आठवलं. त्यावर काळं तेल चोळलं अन् दोन दिवस उन्हात ठेवली. सोबत बांधून पाठवते. ऋषीले सांग, दोन खिळ्यांनी बसव. बाबाले आपण सांगू की हीच ती. खोटं आहे, पण गाडी तर खरी आहे.

२ नोव्हेंबरले, रविवारी ये. तोवर मी बाबाले तयार करते. त्यांले एवढंच सांगेन की प्रीतमनं गाडी पुन्हा पाहायला बोलावलं आहे, अन् त्याचं ऐकलं नाही तर मी पण जेवणार नाही.

लोभाचे टाके पक्के घाल, पुन्हा उसवायला नको.

तुझी ताई,
माया

खापा
४ नोव्हेंबर २०२५

चि. माया आणि चि. प्रीतम यांस,

बाबाचा जयभीम. मी सांगून राहिलो अन् उन्नती लिहून राहिली. तिले ताकीद दिली आहे की एकही शब्द स्वतःचा टाकायचा नाही. एक प्रत मायाले घरातच, दुसरी प्रीतमले पोस्टानं.

परवा तुम्ही दोघांनी मले गाडीत बसवलं. माया एका बाजूनं, प्रीतम दुसऱ्या बाजूनं. चकती माझी होती. गिअरचा गोळा माझा होता. मग माया म्हणाली, बाबा, डावा पाय ठेवून पाहा. ठेवला. ठोकळी होती. प्रीतम म्हणाला, पाहा बाबा, तीच आहे, जुनी. मी म्हटलं, हो, हीच चारशे बारा. तुम्ही दोघं लहान लेकरांसारखे हसले.

पोरांनो, ती ठोकळी नवी आहे. माझ्या ठोकळीले एकच खिळा होता अन् डाव्या कोपऱ्याले टाच अडकवायची खाच होती. हिले दोन खिळे, खाच नाही. वरून नव्या तेलाचा वास. मले तेव्हाच समजलं. मागच्या वेळी वाटलं एक जण फसवून राहिला, यावेळी दोघं मिळून. पण एक काम तुम्ही दोघांनी मिळून केलं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं, म्हणून चूप बसलो.

आणखी एक. ठोकळीचं माया सगळ्यांले सांगते ते मी आजवर मोडलं नाही, आज मोडतो. ती ठोकळी मी तुझ्यासाठी लावली नव्हती वं माया. माझाच पाय पुरत नव्हता. अकराव्या वर्षीच तुझे पाय माझ्याहून लांब होते. ड्रायव्हरनं असं कोणाले सांगायचं नसते, म्हणून तू समजली ते समजू दिलं. सीटवर मात्र तुलेच बसवलं होतं, ते खोटं नाही.

आता प्रीतमचं ऐका. ठोकळी पाहून झाल्यावर मी म्हटलं की मले मागं बसायचं आहे. तुम्हाले वाटलं म्हातारा थकला. मी थकलो नव्हतो. सीटखालची मॅट सरकवली अन् बोटानं पत्रा चाचपला. भोक होतं. जुन्या रुपयाएवढं, कडा हातानं घासलेली, वर बूच. ते भोक मी पाडलं होतं, लिलावाच्या कितीतरी आधी, प्रीतम सहा-सात वर्षांचा असताना. दर रविवारी हा मागं ओके. सोमवारी सायबाले गाडी साफ पाहिजे. याले घरी ठेवा असं मायाही म्हणे अन् तुमची आईही. पण याचं तोंड पाहून मले ते जमलं नाही. याले घरी ठेवण्यापेक्षा भोक पाडणं सोपं वाटलं. खाणीच्या वर्कशॉपमधून हाताचं ड्रिल आणलं अन् सायबाच्या गाडीले भोक पाडलं. समजलं असतं तर नोकरी गेली असती. बूच काढायचं, दोन बादल्या पाणी ओतायचं, सगळं खाली. तुमच्या आईलेही कधी सांगितलं नाही.

ते भोक कोणाले बनवता येत नाही, कारण ते कोणाले माहीतच नव्हतं. म्हणून ही चारशे बारा होय. मागच्या महिन्यात प्रीतम खरं बोलला होता अन् मी त्याले खोटा म्हटलं. त्याची माफी मागतो. बाप म्हणून नाही, ड्रायव्हर म्हणून. आपली गाडी ओळखायची तर पूर्ण पाहायची असते, मी फक्त समोर बसून उतरलो.

इंजिनचा आवाज येत नाही, ते काही मले पटलं नाही. एसी बरा आहे.

येत्या रविवारनंतरच्या रविवारी नदीवर जाऊ. थेंब मी चारही वेळा घेऊन राहिलो. माया टाकते.

दोघांनीही एकमेकांवरचा लोभ बोलून दाखवत जा, मनात ठेवला की गंज चढतो.

तुमचा बाबा,
लहानू

खापा
९ नोव्हेंबर २०२५

चि. प्रीतम यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. बाबाच्या पत्राची प्रत तुले पोचलीच असेल. मी तीनदा वाचली.

बेचाळीस वर्षं मी जी ठोकळी मिरवत होती, ती बाबाची निघाली. अन् तुले ओकारीवरून हिणवलं, तर तुझ्यासाठी बापानं नोकरी पणाला लावली होती. खरं सांगू, माझ्या पोटात पुन्हा दुखलं, जूनपेक्षा जास्त. गाडी तुझी, बर्फी तुझी, अन् आता ते भोकही तुझंच. बाबाच्या पत्रात माया टाकते असं एक वाक्य आहे, ते मी उन्नतीकडून वेगळ्या कागदावर लिहून घेतलं अन् थेंबाच्या बाटलीखाली ठेवलं. एवढंच माझ्या वाट्याले आलं, पण आलं.

१६ तारखेले येशील तेव्हा मागची मॅट घरीच ठेवून ये. बर्फी आण, बाबा वाट पाहून राहिले. लिंबूही आण.

नदीपर्यंत तू समोर बस, बाबाच्या बाजूले, अन् गाडी तूच चालव. परत येताना चालव म्हटलं तर रेतीपुरती मी चालवीन. पण जाताना मी मागं बसणार, तुझ्या जागेवर. डाव्या पायाजवळ ते बूच असेल. पुलिया यायच्या आधी तुले काही वाटलं तर लाजू नको, गाडी थांबवून मागं ये. बूच मी काढते, बादली माझ्याजवळच आहे.

लोभ आहे, हे बाबाच्या हुकमाप्रमाणे लिहून कळवते.

तुझी ताई,
माया